ओट्याचा कागद

माझी बायको कापड बेतायची. एकतीस वर्षं, एकाच कारखान्यात, लांब टेबलापाशी. तिथं बेतणाऱ्याला मास्तर म्हणत. ती त्या टेबलावरची पहिली बाई, म्हणून सुरुवातीला लोक हसत हसत मास्तर म्हणायचे. पुढे हसणं गेलं, मास्तर राहिलं. घरी मीही तेच म्हणतो.

मी गवंडी होतो. आता गुडघ्यांनी रजा घेतली आहे. आम्ही राहतो ते घर मी स्वतः बांधलंय, सुटीच्या दिवसांत, दोन वर्षं लावून. स्वयंपाकघराची मागची भिंत सगळ्यात शेवटी उभी राहिली. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढे त्या भिंतीचा विषय निघणार आहे.

मास्तरच्या कामाची थोडी कल्पना द्यायला हवी. चाळीस थर कापड एकावर एक अंथरायचं, त्यावर कागदाचा खाका ठेवायचा, कडेनं खडू फिरवायचा आणि उभ्या पात्याच्या मशीननं सगळे थर एकदम कापायचे. तिथं हात बोटभर सरकला की चाळीस सदरे गेले. पहिल्याच वर्षी तिनं साठ बाह्या कापल्या आणि साठच्या साठ डाव्या निघाल्या. अर्ध्या कापडावर कागद उलटा करून ठेवायचा, तो तिनं सुलटाच ठेवला. शिवणाऱ्या बायकांपर्यंत गठ्ठा जायच्या आत तिनं तो उचलला आणि मालकाच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"या सगळ्या डाव्या आहेत. मी कापल्यात."

मालकानं विचारलं, "कोणी पकडलं?"

"कोणी नाही. अजून कोणाला माहीत नाही."

सहा महिन्यांनी त्यानं तिला मोठं टेबल दिलं. तेव्हापासून तिच्या प्रत्येक कागदावर एक बाण असतो आणि बाणाशेजारी 'वरची बाजू' असं लिहिलेलं असतं. भाजीची यादी असली तरी मी एकदा बाण शोधतो.

मग कारखान्यात संगणक आला. खाके तो काढू लागला. तिला शेवटची चार वर्षं बटणांच्या खोलीत बसवलं. बटणं निवडता निवडता ती निवृत्त झाली. त्यावर ती बोलत नाही, आणि मीही विचारत नाही.

आता ओट्याकडे येतो. आमचा जुना ओटा दोन दगडांचा होता, इंग्रजी एल अक्षरासारखा, कोपऱ्यात सांधा. तो सांधा मीच भरला होता. दहा वर्षांत तो उघडला. त्यात पाणी जायचं, तेल जायचं, कणीक जायची. रात्रीची भांडी आवरली की मास्तर दाभण घेऊन तो सांधा कोरायची. रोज. वीस वर्षं. मी दोनदा पुन्हा भरून दिला, दोन्ही वेळा वर्ष टिकला. तिनं तक्रार केली नाही, दाभण मात्र खिडकीशी खिळ्याला टांगून ठेवलं. माझ्या डोळ्यांसमोर.

यंदा सुनेनं मनावर घेतलं. ती दवाखान्यात नर्स आहे, पुसल्यावर स्वच्छ न होणारी वस्तू तिला चालत नाही. कपाटं नवीन, सिंक नवीन आणि ओट्याला क्वार्ट्झचा दगड, असं तिनं ठरवलं. आम्ही तिघं दगडाच्या दुकानात गेलो. एका मोठ्या शेडमध्ये दगडाचे माणसापेक्षा उंच स्लॅब लाकडी घोड्यांना टेकवून उभे होते. दाखवायला जो माणूस होता, तोच पुढे घरी येऊन माप घेणार होता. म्हणून आम्ही त्याला मापवाला म्हणू लागलो.

"आई, हा बघा. पांढरा. प्रसन्न वाटेल," सून म्हणाली.

मास्तर स्लॅबच्या मागे गेली.

"काकू, पुढची बाजू इकडे आहे," मापवाला म्हणाला.

"पुढची सगळ्यांचीच चांगली असते," ती मागून म्हणाली. मग ती स्लॅबच्या कडेला आली, चष्मा वर केला आणि कडेवर नख फिरवलं. "वरची ही करडी रेघ कडेत उतरलेली दिसत नाही. नुसती वर छापलीय का?"

"हो, या मालात वरच असते."

"म्हणजे छापील चौकडी. मला विणलेली हवी."

मापवाल्याला चौकडी कळली नाही, पण मुद्दा कळला. त्यानं आम्हाला शेडच्या दुसऱ्या टोकाला नेलं. तिथल्या स्लॅबमध्ये रेघ आरपार होती. त्यातल्या चार प्रकारांचे हाताएवढे नमुने मास्तरनं मागून घेतले. निघताना तो स्वतःहून म्हणाला, "एक सांगतो काकू, तापलेलं भांडं थेट ठेवायचं नाही. दगड असला तरी यात चिकट माल असतो, डाग पडतो."

"हे न विचारता सांगितलंत, बरं वाटलं," ती म्हणाली. मी विचारलं, पाण्यावर कापता की कोरडं? तो म्हणाला, पाण्यावरच. मग मलाही बरं वाटलं. या दगडाची कोरडी धूळ छातीत बसली की माणसाला बसवते.

चार नमुने आठ दिवस खिडकीत होते. प्रत्येकावर हळद, चहा, तेल आणि लिंबाची फोड, चार कोपऱ्यांत चार गोष्टी. नवव्या दिवशी मास्तरनं ते धुतले आणि सुनेसमोर ओळीनं मांडले. सुनेला आवडलेला, चकाकी नसलेला पांढरा नमुना हळदीच्या कोपऱ्यात पिवळा दिसत होता. सुनेनं तो उचलून पालथा घातला.

"कळलं," ती म्हणाली.

"मी काही बोलले का?" मास्तर म्हणाली.

ठरला तो ताकासारखा पांढरा, तुकतुकीत, त्यावर तिरप्या करड्या रेघा. पुन्हा दुकानात गेलो, तेव्हा त्या मालाचा एकच स्लॅब उरला होता. दुसरा माल येईल, पण रंग थोडा वेगळा पडेल, असं मापवाला म्हणाला. मास्तरला हे समजवावं लागलं नाही. एका रंगाचे दोन तागे कधी एका रंगाचे नसतात, हे तिला आयुष्यभर माहीत आहे.

"एक स्लॅब पुरेल?"

"पुरेल. पण सांधा येणार कोपऱ्यात. अख्खा एल दारातून वळणार नाही."

"सांधा येऊ दे. पण ही तिरपी रेघ सांध्याच्या अलीकडून येऊन पलीकडे तशीच गेली पाहिजे."

"काकू, एवढं कोणी बघत नाही."

"तुमच्या सदऱ्याचा खिसा बघा," मास्तर म्हणाली.

मापवाल्यानं मान खाली घातली. सदरा चौकडीचा होता. खिशावरची चौकडी सदऱ्याच्या चौकडीपेक्षा अर्धं घर खाली उतरली होती. त्यानं खिशावर टेप धरली. सून वळून स्लॅब बघू लागली, पण तिचे खांदे हलत होते.

सोमवारी मापवाला घरी आला. टेप लावली, पाच आकडे लिहिले, सात मिनिटांत काम आटोपलं. मी घड्याळ बघत होतो. एवढ्या वेळात मी सिमेंट कालवायचोसुद्धा नाही.

"भिंत सरळ धरलीत?" मास्तरनं विचारलं.

"सरळच असणार, अगदी गुण्यात. काका गवंडी आहेत ना?"

"शंभर टक्के," मी म्हणालो.

तो गेल्यावर तिनं पातळ कागद आणला. जुना दगड निघून नवी कपाटं बसली होती. तिनं कपाटांवर कागद पसरला, भिंतीला लावून नखानं दाबत दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली, अंगाला सदरा बसवावा तशी. जिथं भिंत तिथं घडी. मग त्या घडीवर कात्री. दोन तास लागले. कागद जमिनीवर ठेवून तिनं त्याच्या मागच्या कडेला लाकडी पट्टी लावली. दोन्ही टोकांना कागद पट्टीला टेकला, मध्ये फट राहिली.

"अहो, तुमच्या भिंतीला पोट आहे."

"कागद सरकला असेल."

तिनं पट्टी उचलून ठेवली. दुपारी ती बाजारात गेल्यावर मी भिंतीला दोरी ताणली. पोट होतं. बोटाच्या जाडीएवढं. मी दोरी गुंडाळली, जागच्या जागी ठेवली आणि पेपर वाचत बसलो.

पातळ कागदावरून तिनं जाड खाकी कागदाचा पक्का खाका कापला, दोन तुकड्यांत. बाण काढला, वरची बाजू लिहिली, सिंकचं भोक आखलं. पातळ कागद भिजून फाटला होता, तो कचऱ्यात गेला. मंगळवारी आम्ही तिघं खाका घेऊन दुकानात गेलो आणि ती मापवाल्याला म्हणाली, याच्यावरून कापा.

"काकू, दगड आहे, कापड नाही."

"भिंतीचा आकार दोघांना सारखाच."

त्यानं वाद घातला नाही. एक फॉर्म काढला. त्यावर लिहिलं होतं, ग्राहकाने दिलेल्या कागदावरून कापणे, चूक निघाल्यास जबाबदारी ग्राहकाची. सून हळूच म्हणाली, "आई, तो एकच दगड आहे." मास्तर म्हणाली, "माहीत आहे," आणि सही केली. मी शेजारी उभा होतो. भिंतीबद्दल बोलायची हीच वेळ होती. मी बोललो नाही.

त्या सहीत काय होतं ते मला ठाऊक होतं. बटणांच्या खोलीनंतर पहिल्यांदा कोणीतरी तिच्या कागदावरून काही कापणार होतं.

गुरुवारी सकाळी दगड कापला जाणार होता. सात वाजता मास्तर स्वयंपाकघराच्या खिडकीचा पडदा आखूड करत बसली होती. खडूची रेघ मारली आणि रेघेबाहेर बोटभर जागा ठेवून कात्री चालवली. शिवणीत जाणाऱ्या या जास्तीच्या कडेला माया म्हणतात. ती सोडली नाही तर शिवण उसवते. अर्ध्या वाटेवर कात्री थांबली.

"अहो."

"काय?"

"मी ओट्याला माया सोडलीय."

मला कळायला क्षण लागला. जाड कागद कापताना तिचा हात सवयीनं रेघेबाहेरून गेला होता. भिंतींकडच्या तिन्ही बाजूंना. आणि सांध्याला, दोन्ही तुकड्यांना.

"मोठा झाला तर घासून कमी करतील," मी म्हणालो.

"भिंतीकडे करतील. सांध्याचं काय? दोन्हीकडून अर्धा अर्धा इंच काढला की रेघ इंचभर तुटली."

दुकानात फोन लावला, कोणी उचलला नाही. तिनं कात्री पिशवीत टाकली, पायात चपला सरकवल्या. आम्ही बस धरली. वीस मिनिटांत ती एक वाक्य बोलली. "डाव्या बाह्या निदान कापडाच्या होत्या."

दगड कापायचं काम दुकानामागच्या शेडमध्ये चाले. जमीन ओली, पातं फिरत होतं, त्यावर पाण्याची धार. आमचा स्लॅब मशीनवर आडवा होता, त्यावर तिच्या कागदाच्या कडेनं मेणखडूची रेघ मारलेली. रबरी बूट घातलेला मिस्त्री पातं रेघेवर आणत होता. मास्तर "थांबा" म्हणाली, ते आवाजात बुडालं. मग ती सरळ पुढे गेली आणि स्लॅबवर तळहात ठेवला. मिस्त्रीनं मशीन बंद केलं.

"बाई, हात काढा. पातं आहे."

"काढते. आधी ऐका. हा कागद चुकलाय. मी चुकवलाय."

मापवाला चहाचा कप घेऊन बाहेर आला. "काय झालं काकू? मी म्हणालो होतो ना, दगड आहे, कापड नाही."

"बरोबर म्हणाला होतात. मी कापडासारखाच कापला. शिवणीची माया सोडली. दगडाला शिवण नसते."

मापवाल्याकडे पुढचा टोमणा तयार असावा, पण तो त्यानं चहाबरोबर गिळला. असं कबूल करणाऱ्याला टोमणा मारून काय मिळणार?

मिस्त्रीनं विचारलं, "किती सोडलीय?"

"अर्धा इंच. भिंतीकडून आणि सांध्याला. पुढची कड बरोबर आहे, ती मी कपाटाच्या फळीवरून घेतलीय."

"मोजून सोडलीत?"

"हातानं."

"मग अर्धाच कशावरून? पाऊण असेल."

"एकतीस वर्षं तेवढीच सोडतेय."

मिस्त्री माझ्याच वयाचा असेल, थोडा लहान. त्यानं कोपऱ्यातून जुनं वर्तमानपत्र आणलं, त्यावर पेन्सिलीनं एक वेडीवाकडी रेघ ओढली आणि तिच्यापुढे ठेवलं. "सोडून दाखवा."

तिनं पिशवीतून कात्री काढली. चष्माही नीट केला नाही. रेघ वळेल तशी कात्री वळत गेली, एकदाही न थांबता. मिस्त्रीनं लोखंडी पट्टी घेऊन रेघ आणि कड यांमधलं अंतर पाच ठिकाणी मोजलं. अर्धा, अर्धा, अर्धा, अर्धा. पाचव्या ठिकाणी त्यानं पट्टी दोनदा लावली.

"अर्धा," तो म्हणाला. "माझं मशीन कधीकधी यापेक्षा जास्त हलतं."

मी तिचा नवरा. छत्तीस वर्षांचा संसार. तिच्या टेबलापाशी मी कधी गेलो नव्हतो, बायकोचं काम बघायला कोण जातं? त्या ओल्या शेडमध्ये मी ते पहिल्यांदा बघितलं. बघायला उशीर केला, एवढंच म्हणतो.

तिनं खाक्याची माया छाटली. तुकडे स्लॅबवर पुन्हा ठेवले, एकमेकांना लागून, मध्ये फक्त पात्याची जाडी. मिस्त्रीनं जुनी रेघ पुसली. मापवाल्यानं आपले आकडे काढून ताडून बघितले. डावी बाजू जुळली. उजवी जुळली. मागच्या कडेला मध्यावर तो थांबला.

"इथं कागद आत गेलाय. माझ्या हिशेबानं सरळ हवा. भिंत सरळ आहे, काका स्वतः म्हणाले होते."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मास्तरही. ती काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याला मी आता ओळखतो.

"भिंतीला पोट आहे," मी म्हणालो. "बोटभर. मीच बांधलीय आणि मी दोरी लावून बघितलंय."

"कधी?" मास्तरनं विचारलं.

"सोमवारी. तू बाजारात गेलीस तेव्हा."

"आणि आज गुरुवार."

"आज सांगितलं ना."

मिस्त्री हसला. "चाळीस वर्षं दगड बसवतोय. भिंतीचं पोट कबूल करणारा गवंडी आज भेटला. बाई, याचं श्रेय तुम्हाला."

"अर्धंच द्या," ती म्हणाली. "तीन दिवस उशीर आहे."

कापायला दुपार झाली. मिस्त्रीनं तिला खुर्ची दिली, ती बसली नाही. पातं मागच्या कडेला पोटापाशी आलं, तेव्हा त्यानं हाताचं मशीन घेतलं आणि कागदाच्या वळणावरून हळूहळू गेला, पाणी ओतत. घाई केली नाही. मला घाई न करणारा माणूस आवडतो.

शनिवारी दगड घरी आला. चार जणांनी आधी लांब तुकडा उचलला, कपाटांवर ठेवला आणि मागे सरकवला. मी श्वास धरून होतो, दगडासाठी नाही, भिंतीसाठी. दगड भिंतीला जाऊन लागला. पोटाला पोट. मिस्त्रीनं फटीत पोस्टकार्ड घालून बघितलं. एका ठिकाणी गेलं, बाकी कुठे गेलं नाही. मग दुसरा तुकडा. सांध्यात त्याच रंगाचा माल भरला, जास्तीचा खरवडून काढला, पुसला.

रेघ डावीकडून तिरपी येत होती. सांध्यावरून गेली आणि पुढे खिडकीखाली उतरली. वाटेत थांबली नाही.

संध्याकाळी सांधा वाळल्यावर मास्तरनं त्यावर नख फिरवलं. एकदा, दोनदा. नख अडकलं नाही. सुनेनंही फिरवलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "बाबा, तुम्ही नका फिरवू, तुमचे हात सिमेंटचे आहेत." या घरात आता मला कोणी सोडत नाही. मास्तरनं खिळ्यावरचं दाभण काढलं आणि शिवणाच्या डब्यात टाकलं. खिळा मी उपटला आणि भोक बुजवलं, तेवढं तरी नीट.

सोमवारी मापवाला कामाच्या समाधानाची सही घ्यायला आला. सदरा साधा होता, चौकडीचा नव्हता. मास्तरनं फॉर्म पहिल्या ओळीपासून वाचला. तिला असं वाचताना घाई केलेली चालत नाही, तो उभा राहिला. एका रकान्यात लिहिलं होतं, माप घेणारा, आणि पुढे त्याचं नाव.

तिनं त्या ओळीवर बोट ठेवलं.

मापवाल्यानं बोटाकडे बघितलं, ओट्याकडे बघितलं, सांध्यावरून जाणाऱ्या रेघेकडे बघितलं. खिशातून पेन काढून त्यानं स्वतःचं नाव खोडलं आणि तिला तिचं पूर्ण नाव विचारून तिथं लिहिलं. अक्षर चांगलं काढलं.

"खाका मिस्त्रीनं ठेवून घेतलाय," तो म्हणाला. "शेडमध्ये टांगलाय. चालेल ना, विचारायला सांगितलंय."

"बाण वर आहे ना?"

"आहे."

"मग चालेल," ती म्हणाली आणि सही केली.

मी पलीकडून फॉर्मवर नजर टाकली. दगड कोणाचा, कापणारा कोण, बसवणारा कोण, सगळ्याला रकाने होते. भिंतीला नव्हता. मी विचारलं नाही.